खोटा लोड

माझा पहिला कॉम्प्युटर मी बाबांशी खोटं बोलून निवडला. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होते, आणि आम्ही तिघं चौबे कॉलोनीतल्या एका घराच्या खालच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. बाबा वीज मंडळात ज्युनियर इंजिनिअर होते. आई घरी असायची.

राज्य नवीन होतं. रायपूर राजधानी झालं होतं, पण शहराच्या ते अजून अंगवळणी पडलं नव्हतं. स्कूटरच्या नंबरप्लेटवरचं एमपी पुसून सीजी रंगवत होते, आणि कितीतरी प्लेटांवर जुनी अक्षरं नव्या रंगाखालून डोकावायची. न्हाव्याच्या टपरीवरसुद्धा 'राजधानी' लिहिलेलं होतं. भोपाळहून आलेले अधिकारी घरं शोधत फिरत होते, भाडी वाढत चालली होती, त्यामुळे आमचे घरमालक सहज आल्यासारखे यायचे आणि भिंतींकडे बघून जायचे.

आमची अडचण मात्र वेगळी होती. राज्याची वाटणी झाली तशी माणसांचीही व्हायची होती. बाबांच्या खात्यातले कोण छत्तीसगढमध्ये राहणार आणि कोण मध्य प्रदेशात जाणार, याची यादी निघणार होती. ती पुढच्या आठवड्यात निघणार असं आम्ही वर्षभर ऐकत होतो. आईने पडद्यांचं कापड आणून ठेवलं होतं, पण शिवलं नव्हतं. नवीन खिडक्यांचं माप वेगळं असलं तर? कूलरची जाळी फाटली होती, तीही तशीच. काहीही विचारलं की एकच उत्तर, "यादी येऊ दे, मंग पाहू."

मला त्या वाक्याचा वीट आला होता. कॉलेजमध्ये लक्ष लागायचं नाही, घरी आले की एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नुसती फिरायची. त्यातच हिवाळ्याच्या सुट्टीत नागपूरला मामाकडे गेले आणि त्याच्या कॉम्प्युटरवर गाड्यांच्या शर्यतीचा एक गेम खेळले. सकाळी बसले ती जेवायला हाका मारल्या तरी उठले नाही. डोंगरातला रस्ता, वळणावर गाडी घसरायची, आणि ती घसरायच्या आधी अर्धा क्षण बोटाला कळायचं. त्या अर्ध्या क्षणात डोक्यात दुसरं काही नसायचं. परत येताना गाडीत मी ठरवून टाकलं की असा कॉम्प्युटर मला हवाच.

बाबा कॉम्प्युटर घ्यायला तयारच होते. इंजिनिअरिंगच्या मुलीला तो लागतो हे त्यांना ऑफिसातल्या लोकांनी सांगितलं होतं. पण ऑफिसात आले होते तसे साधे कॉम्प्युटर त्यांच्या डोळ्यांसमोर होते, आणि माझ्या डोळ्यांसमोर गेमसाठी लागणारं ग्राफिक्स कार्ड होतं. घरी ते आणि आई मराठी बोलायचे आणि मी बहुतेक वेळा हिंदीत उत्तर द्यायची, आमच्या वयाची सगळीच तसं करायची. ते खोटंही मी हिंदीतच बोलले.

"इंजीनियरिंग ड्रॉइंग के लिए अलग कार्ड लगता है, बाबा. उसके बिना लाइनें फटी-फटी दिखती हैं."

"असं का?" बाबा म्हणाले. "मंग घे ना. ड्रॉइंगमधी काही कमी नको."

इतक्या सहज विश्वास बसेल असं मला वाटलं नव्हतं. मग सायकल काढली आणि ब्राह्मणपाऱ्यात गेले.

तिथे एका देवळाला लागून अरुंद जिना होता आणि वर कॉम्प्युटर जोडून देणाऱ्याचं दुकान होतं. चाळिशीचा माणूस, आधी रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचा. सगळे त्याला भैयाच म्हणायचे, मीही म्हणू लागले. सरकारी ऑफिसांच्या ऑर्डरी मिळाव्यात म्हणून शहरात काचेच्या दारांची मोठी दुकानं निघाली होती. तिथे मी दोन ठिकाणी जाऊन आले होते. दोन्हीकडे मला विचारलं होतं, "घर से कोई बड़ा नहीं आया?"

भैयाने ते विचारलं नाही. त्याने विचारलं, "करना क्या है इसमें?"

"पढ़ाई."

"पढ़ाई के लिए तो बोर्ड में जो लगा आता है वही बहुत है. कार्ड का क्या करोगी?"

मी काउंटरवरचे स्क्रू एका रांगेत लावत राहिले.

"गेम?" त्याने विचारलं.

"हव," मी म्हणाले.

तो हसला नाही. एक कोरा कागद पुढे ओढून म्हणाला, "तो फिर ढंग से बनाते हैं."

पुढचा दीड महिना त्या कागदाने मला झोडपलं. आधी मदरबोर्ड. स्वस्त बोर्डांवर ग्राफिक्स कार्ड बसवायची खाचच नसायची, म्हणजे नंतर वाटलं तरी कार्ड लावता येणार नाही. म्हणून खाच असलेला बोर्ड घ्यायचा. मग प्रोसेसर वेगवान घ्यावा की मध्यम घेऊन मेमरी दुप्पट करावी? मॉनिटर पंधरा इंची की सतरा? महिन्याला एक मासिक यायचं, त्यात वेगवेगळ्या कार्डांची तुलना असायची. ती मी इतक्यांदा वाचली की पानं दुमडीवर फाटली. सोमवारी ठरवलेलं बुधवारी बदलायचं. सायकलवरून जाताना एक कार्ड पक्कं असायचं आणि जिना चढेपर्यंत दुसरं. भैया दर वेळी जुनं खोडून नवीन लिहायचा, कधी कुरकुरला नाही. एकदा फक्त म्हणाला, "बेटा, मशीन खरीद रही हो कि जी बहला रही हो?" दोन्ही होतं. कागदावर काही तरी ठरत होतं एवढंच मला पुरत होतं. घरात तर काहीच ठरत नव्हतं.

शेवटी मन एका कार्डावर अडलं. ते ठरलेल्या पैशांत बसत नव्हतं, म्हणून मी बाकीच्यातून कापायला सुरुवात केली. स्पीकर साधे केले. मॉनिटर पंधरा इंची केला. तरी थोडे पैसे कमी पडत होते.

"पॉवर सप्लाय वाला काट दो," मी म्हणाले. "कॅबिनेट के साथ जो मुफ्त आता है, वही चलेगा."

भैयाने पेन खाली ठेवलं. "सब काटो, पॉवर मत काटो. ये कार्ड खाता बहुत है. उस डिब्बे में दम नहीं है."

"चलेगा, भैया."

"सिर्फ पढ़ाई होती तो चल जाता," तो म्हणाला. पण मी ऐकलं नाही. कार्ड पडद्यावर दिसणार होतं. वीज पुरवणारा पॉवर सप्लाय कोणाला दिसतो?

यादी उन्हाळ्यात आली. बाबा भर दुपारी घरी आले. त्यांनी चप्पल काढली, माठातलं पाणी प्यायलं आणि खुर्चीवर बसून म्हणाले, "जबलपूर."

आईने विचारलं, "कधी?"

"महिन्याभरात."

संध्याकाळपर्यंत एवढं ठरलं की माझं कॉलेज सोडवायचं नाही, मी आणि आई इथेच राहायचं आणि बाबांनी एकट्याने जायचं. मला वाटलं, आता कॉम्प्युटर राहिलाच. तसं झालं असतं तर खरं म्हणजे मला सुटल्यासारखं वाटलं असतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा स्कूटर पुसता पुसता म्हणाले, "चल, तुही मशीन आणू. मी गेल्यावर कोण आणंल?"

दुकानाखाली ते ऑटो थांबवून खोक्यांसाठी जागा करत उभे राहिले, वर आले नाहीत. मी जिन्यावरून एकेक खोकं खाली आणत होते आणि दर खेपेला वाटायचं की आता सांगावं. खोकी संपली तरी सांगितलं नाही.

घरी आईने मॉनिटरला कुंकू लावलं. मी ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर उघडून एक चौकोन आणि एक वर्तुळ काढून दाखवलं. बाबा मागे हात बांधून वाकून बघत होते. "लाइन एकदम साफ हाय," ते म्हणाले. "नाही तं फाटते म्हणत होती तू." मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी बाबा ऑफिसला गेले, आई आडवी झाली, आणि मी गेम लावला. मामाकडचा तोच डोंगराचा रस्ता, पण इथे दगडांवर ऊन पडलेलं दिसत होतं, गाडीच्या काचेत झाडं सरकत होती. दहा मिनिटं खेळले असेन. चौथ्या वळणावर पडदा काळा झाला आणि कॉम्प्युटर आपोआप पहिल्यापासून सुरू झाला. पुन्हा लावला. या वेळी आठ मिनिटं. पुन्हा लावला.

पुढचे दोन आठवडे मी काय काय केलं! कॅबिनेटची बाजूची पट्टी काढून समोर टेबलफॅन लावला. कार्ड काढून त्याच्या पितळी दातांवर पेन्सिलीचं खोडरबर घासलं. मेमरी या खाचेतून त्या खाचेत घातली. डिस्क पुसून सगळं सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं, एकदा नाही, तीनदा. कूलर सुरू झाला की दिवा क्षणभर मंद व्हायचा, म्हणून उकाड्यात कूलर बंद करून खेळून पाहिलं. आई घामेजून उठायची आणि विचारायची, "काहून बंद केला वं?" ड्रॉइंग, टायपिंग, गाणी, सगळं तासन्‌तास चालायचं. मशीन फक्त गेमवर मरायची. आणि तेवढंच मला घरात कोणाला सांगता येत नव्हतं.

भैया म्हणाला, "यहाँ लाओ, देखते हैं." पण ते धूड सायकलवर नेणं शक्य नव्हतं. स्कूटरवर बाबांनी नेलं असतं, आणि काय बिघडलं ते भैयाने त्यांच्यासमोरच विचारलं असतं.

तिकडे घरात बाबांची तयारी सुरू होती. आई त्यांच्यासाठी दोन ताटं, दोन पातेली, एक छोटा कुकर असं वेगळं काढत होती. मी दोघांवरही उगाच खेकसायची. बाबा जाणार म्हणून पोरगी बिथरली आहे असं आई शेजारणीला सांगत होती. ते ऐकून तर मला तोंड लपवावंसं वाटलं.

बाबांचा ऑफिसातला चार्ज दुसऱ्याकडे देऊन झाला त्या दिवशी ते दुपारीच घरी आले. मी फरशीवर बसले होते, कॅबिनेट उघडं, स्टीलच्या ताटलीत स्क्रू.

"काय झालं?"

"कुछ नहीं. बंद हो जाता है."

"कशावर बंद होते?"

"ऐसे ही."

"असंच काही बंद होत नसते." ते माझ्यासमोर फरशीवर बसले. "कोणतं काम करताना बंद होते, ते सांग. त्याच्याशिवाय फॉल्ट सापडत नाही."

बाहेर भंगारवाल्याची हाक येऊन गेली. मी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

"गेमवर," मी म्हणाले. "ड्रॉइंगवर नाही होत. ड्रॉइंगले हे कार्ड लागतच नाही, बाबा. मले गेम खेळायचा होता म्हणून घेतलं. मी खोटं बोलली."

मराठीत बोलले हे माझ्या नंतर लक्षात आलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते उघड्या कॅबिनेटकडे बघत होते. मग त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून खिडकीत ठेवलं.

"लाव," ते म्हणाले.

"काय?"

"गेम लाव. बंद होऊ दे."

त्यांनी बॅगेतून विजेचा दाब मोजायचा मल्टिमीटर आणला. एका रिकाम्या पिनेतल्या पिवळ्या आणि काळ्या तारेला त्याच्या सुया टेकवल्या आणि म्हणाले, "खेळ." बाबा पायाशी बसलेत आणि मी गाडी पळवते आहे, असा तो प्रकार होता. पहिल्याच वळणावर मी कठड्याला धडकले.

"नीट खेळ," बाबा खालून म्हणाले. "लोड येऊ दे पुरा."

मी खेळले. सात-आठ मिनिटांनी पडदा काळा झाला.

"पायलं? बारा व्होल्ट पायजेत. गेम लावल्यावर अकराच्या खाली आला न पडला." त्यांनी पॉवर सप्लायच्या पत्र्यावर टिचकी मारली. "हा डब्बा कोणी निवडला?"

"मी."

"दुकानदारानं देल्ला का तू निवडला?"

"तो नको म्हणत होता. मीच घेतला."

ते काही वेळ सुयांच्या तारा गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "माही पुरी नोकरी यातच गेली. लोक लोड कमी लिहून देतात. घरात दोन कूलर, मोटर, सगळं असते, न कागदावर चार बल्ब. मंग गल्लीतला ट्रान्सफॉर्मर जळते, न शिव्या आम्हाले." आवाज चढलेला नव्हता. "मले वाटलं नव्हतं माह्याच घरात कोणी खोटा लोड सांगंल. गेम पायजे म्हणली असती तं मी नाही म्हणलं असतं का?"

"म्हटलं असतं," मी म्हणाले.

त्यांनी विचार केला. "हो," ते म्हणाले. "कदाचित म्हणलं असतं."

त्याच संध्याकाळी आम्ही दोघं स्कूटरवर ब्राह्मणपाऱ्यात गेलो. कॅबिनेट माझ्या मांडीवर होतं. या वेळी बाबा जिना चढून वर आले. भैयाने आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. बाबाच म्हणाले, "बेटी को गेम खेलना है. पॉवर सप्लाय दिखाइए, जो लोड उठाए."

भैया लगेच म्हणाला, "मैंने तो बिटिया को पहले ही कहा था, साहब."

"वो मुझे बता चुकी है."

मग अर्धा तास ते दोघं बोलत होते आणि मी बाजूला उभी होते. भैयाने चार पॉवर सप्लाय काढले. बाबांनी खोक्यावर लिहिलेलं एक अक्षर वाचलं नाही. एकेक उचलून तळहातावर तोलला, जाळीतून आत डोकावून पाहिलं. "हे घे," एक माझ्या हातात देत ते म्हणाले. "आता हे घे. फरक कळला? हा रिकामा हाय. ह्याच्यात तांबं हाय." मग भैयाने ट्रान्सफॉर्मरची काहीतरी गोष्ट काढली, बाबांनी दुसरी सांगितली. महिनाभरात मी त्यांना पहिल्यांदाच हसताना ऐकलं.

नवा पॉवर सप्लाय लागला आणि गेम चालला. सलग पाऊण तास. बाबा मागे उभे होते. ते अनवाणी होते आणि त्यांनी सहज कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला, तसा झटकन मागे घेतला.

"ह्याच्यात करंट येऊन राहिला."

"थोडासा येतो. मुंग्या येतात फक्त," मी म्हणाले. मी ते रोज सहन करत होते.

ते भिंतीवरच्या बोर्डापाशी गेले, सॉकेट उघडलं, तार मागे मागे शोधत अंगणापर्यंत गेले. अर्थिंगची तार भिंतीतून बाहेर येऊन दीड हातावर तुटलेली होती. जमिनीत काही नव्हतंच. किती वर्षं नव्हतं कोण जाणे.

बाबा मंगळवारी निघणार होते. रविवारी सकाळी त्यांनी घरमालकांना विचारून अंगणात पेरूच्या झाडाजवळ अर्थिंगसाठी खड्डा खणायला घेतला. घरमालक धोतर सावरत उभे राहून म्हणत होते, अहो, तुम्ही तर चाललात, कशाला एवढा त्रास घेता? जमीन उन्हाने दगडासारखी झाली होती. मी पाणी ओतायची, ते कुदळ मारायचे. कमरेइतका खड्डा झाल्यावर त्यांनी लोखंडी पाइप उभा केला, तुटलेली तार वाढवून त्याला जोडली आणि भोवती कोळशाचा थर, खडे मिठाचा थर, पुन्हा कोळसा असं भरत आणलं. वरणाचं मीठ संपवलं म्हणून आईने तक्रार केली, पण ते बाजारातून आणलेलं पोतं होतं आणि तिलाही ते माहीत होतं.

"उन्हाळ्यात आठ दिवसातून एकदा इथं बादलीभर पाणी टाकजो," बाबा म्हणाले. "कोरडं झालं तं काही कामाचं नाही."

"बाबा, तुम्ही रागावले नाही?"

"रागावलो ना." त्यांनी हाताची माती झटकली. "पण दोन दिवस हातात हाय. रागावत बसू का खड्डा खोदू?"

मंगळवारी त्यांना स्टेशनवर सोडून आलो. घरी आल्यावर आईने पडद्यांचं कापड काढलं आणि शिवायला बसली. मी कॉम्प्युटर लावला. गेम मस्त चालत होता, एकदाही बंद पडला नाही, आणि अर्ध्या तासात मीच तो बंद केला. उठून अंगणात गेले, आत आले, पुन्हा बसले. मला वाटलं होतं की मशीन नीट झाली की जीव थाऱ्यावर येईल. तसं झालं नाही. पंधरा दिवसांत मी पुन्हा भैयाच्या जिन्यावर होते, मेमरी वाढवायची म्हणून. पुढे त्याच्याकडे नवीन गिऱ्हाईक आलं की तो मलाच कागद लिहायला बसवू लागला, आणि मी प्रत्येकाला आधी विचारायची की खरंखरं सांगा, करायचं काय आहे यात.

दिवाळीला बाबा पहिल्यांदा घरी आले. दुसऱ्या दिवशी आंघोळ करून, नवा शर्ट घालून ते माझ्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "मले दाखव कसं चालवतात."

मी बाण दाखवले, ब्रेक दाखवला. शर्यत सुरू झाली. बाकीच्या गाड्या धुरळा उडवत निघून गेल्या. बाबांनी गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला घेतली आणि सावकाश निघाले. वळण आलं की थांबायचे, बघायचे, मग वळायचे. "दाबा ना जोरात," मी म्हणाले. "मागे पडले तुम्ही." त्यांनी ऐकलं नाही. पडद्यावर वेळ संपत आल्याचे आकडे लाल होऊन चमकू लागले. माझे पाय टेबलाखाली एकसारखे हलत होते, कळफलक ओढून घ्यावासा वाटत होता.

"बाबा, वेळ संपते आहे."

"थांब," ते म्हणाले. त्यांनी गाडी घाटात एका बाजूला उभी केली आणि पडद्याजवळ वाकून दरीकडे बघू लागले. "इतक्या उंचावर लाइन नेली हाय न खांब पाह्य किती दूर दूर टाकले. तार लोंबून नाही राहिली का मंधात?"